एका दिवसाच्या किती तारखा?

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

सकाळी आकाशवाणी सुरू झाली की निवेदक आपल्याला एकाच दिवसाच्या दोन तारखा सांगतात. एक आपल्या ओळखीची, पगाराची आणि रेल्वेच्या पासाची. दुसरी भारतीय सौर, शके अमुक अमुक. ही दुसरी तारीख २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र शके १८७९ पासून, आपल्या देशाची अधिकृत तारीख आहे. मेघनाद साहांसारख्या मोठ्या शास्त्रज्ञाच्या अध्यक्षतेखाली १९५२ साली त्यासाठी समिती नेमली गेली होती. देशात तीसेक निरनिराळी पंचांगं चालतात, त्यांना एका ओळीत बसवावं असा विचार होता. ते काही जमलं नाही. तीसांत एकाची भर पडली आणि ती एकतिसावी तारीख रेडिओवर राहिली. लहानपणापासून मी ती ऐकतो. तिच्यावर विसंबून मी कुठलंही काम केल्याचं मला आठवत नाही.

पण एका दिवसाला दोन तारखा असू शकतात, ही गोष्ट त्या आवाजामुळे माझ्या मनात लहान वयातच बसली. पुढे ती उपयोगी पडली.

मी नायगावचा. विरार लोकलने भाईंदर सोडलं की गाडी खाडीच्या पुलावर चढते, मध्ये पाणजू बेट लागतं, आणि दुसरा पूल उतरला की आमचं स्टेशन. दोन्ही बाजूंना मिठागरं. माझे वडील मिठागरावर हिशेब लिहायचे. आमच्या घराला लागून एक कोळ्याचं घर आणि पलीकडे एक ख्रिस्ती घर. तिन्ही घरं एका विहिरीचं पाणी भरायची. आता विहीर बुजली, घरांवर मजले चढले, पण त्या तिन्ही घरांतल्या म्हाताऱ्या अजून आहेत. एक माझी अम्मा, एक कोळीणमावशी आणि एक जिला सगळी गल्ली नानी म्हणते ती.

तिघींची नजर आता कमी झाली आहे. बाजारात मिळणाऱ्या दिनदर्शिकांत सगळं असतं, पण अक्षर मुंगीएवढं. अम्माला रोजे, ईद आणि जुम्मा हवा. मावशीला तिथी आणि भरती. नानीला उपवासकाळ, ईस्टर, नाताळ. मी मुलीला म्हटलं, या तिघींसाठी मोठ्या अक्षरांचं एक कॅलेंडर करता येईल का? ती म्हणाली, "अब्बा, एक्सेलमध्ये करा ना. एका दुपारचं काम आहे."

माझी एक दुपार तीन महिने चालली.

सुरुवात खरंच सोपी होती. एका चौकटीत १ जानेवारी लिहायचं, चौकटीचा कोपरा धरून खाली ओढायचं, की डिसेंबरपर्यंतचे सगळे दिवस आज्ञाधारक मुलांसारखे ओळीत उभे राहतात. शेजारच्या रकान्यात वार मागितला की वार येतो. मग महिन्याचं चौकोनी पान हवं असेल तर सात रकाने करायचे, एक तारखेचा वार बघायचा, तेवढी घरं मोकळी सोडायची आणि पुढे एकेक वाढवत जायचं. इथपर्यंत मला आपण फार हुशार आहोत असं वाटत होतं.

एकदा चुकून चौकटीचं स्वरूप बदललं आणि तारखेच्या जागी नुसता आकडा दिसला. मी घाबरलो. मुलगी हसली. म्हणाली, तारीख अशी काही नसतेच तिथे. यंत्र फक्त दिवस मोजतं. १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस, त्यानंतर एक एक. १५ ऑगस्ट १९४७ हा त्याच्या लेखी १७३९४. प्रजासत्ताक झाला तो दिवस १८२८९. आपण पाहतो ती तारीख म्हणजे त्या आकड्यावर चढवलेला अंगरखा.

मला ही कल्पना अगदी नवी वाटली होती. मग कळलं की ती कोकणात निदान पाचशे वर्षं जुनी आहे. आमच्याच किनाऱ्यावर, खाली मुरुडजवळच्या नांदगावात, गणेश दैवज्ञ नावाचा ज्योतिषी होऊन गेला. त्याने शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली, 'ग्रहलाघव' लिहिलं. महाराष्ट्रातल्या पंचांगकर्त्यांनी पुढे कित्येक पिढ्या त्यावरून पंचांगं केली. त्यातली पहिली पायरी 'अहर्गण' काढण्याची. अहर्गण म्हणजे ठरलेल्या एका दिवसापासून आजपर्यंत किती दिवस झाले तो आकडा. अहर्गण कलियुगापासून मोजला तर लाखांत जातो आणि गुणाकार करताना माणूस थकतो. म्हणून गणेश दैवज्ञाने अकरा वर्षांचं, ४०१६ दिवसांचं एक चक्र कल्पिलं आणि आकडा लहान ठेवला. एक्सेलवाल्यांनी १९०० सालापासून मोजायला घेतलं, तेही आकडा आटोपशीर राहावा म्हणूनच असणार.

त्या १९०० सालात एक गंमत दडली आहे. एक्सेलला विचारलं तर ते सांगतं की २९ फेब्रुवारी १९०० हा दिवस होऊन गेला, साठावा दिवस. तो झालेला नाही. शंभराने भाग जाणारं वर्ष चारशेने भागलं जात नसेल तर ते लीप वर्ष नसतं. ही चूक आधी १९८३ च्या लोटस १-२-३ या प्रोग्रामात होती. एक्सेल आलं तेव्हा लोकांचे जुने हिशेब कोलमडू नयेत म्हणून ती तशीच घेतली गेली, आणि आजतागायत तशीच आहे. जो दिवस कुणीच जगलं नाही तो जगातल्या लाखो हिशेबांत बिनबोभाट बसलेला आहे. सगळ्यांनी मिळून मान्य केलेली चूक सुधारणं किती अवघड असतं, हे आपल्या पंचांगांच्या इतिहासातही दिसतं. जुनी पंचांगं आणि प्रत्यक्ष आकाश यांत फरक पडतो, हे शंकर बाळकृष्ण दीक्षित, व्यंकटेश बापूजी केतकर यांच्यासारख्यांनी दाखवून दिलं. १९०४ साली मुंबईत आणि पुढे सांगलीत परिषदा भरल्या. खुद्द लोकमान्य टिळकांनी त्यात लक्ष घातलं. तरी आजही टिळक पंचांग आणि इतर पंचांगं यांचा कधी कधी अधिक महिनाच वेगळा येतो, आणि रत्नागिरीकडची काही घरं तेव्हा सण निराळ्या दिवशी करतात. असो.

माझी खरी अडचण चंद्राने केली. सूर्याची तारीख कोपरा धरून ओढता येते. चंद्राची येत नाही. अमावस्या ते अमावस्या सरासरी साडेएकोणतीस दिवसांहून किंचित जास्त, हे धरून मी तिथींचा रकाना केला आणि छापील पंचांगाशी ताडून पाहिला. कधी अर्धा दिवस मागे, कधी अर्धा दिवस पुढे. चंद्र सारख्या वेगाने चालत नाही. गणेश दैवज्ञाला ते माहीत होतं, माझ्या फॉर्म्युल्याला नव्हतं. शेवटी तिथी मी पंचांगातून हाताने उतरवल्या. ईदचं तर विचारूच नका. गणिताने हिजरी तारीख काढता येते, पण ईद गणिताने होत नाही, चंद्र दिसल्यावर होते. सरकारी सुट्ट्यांच्या यादीतही ती गोष्ट गृहीत धरलेली असते. नानीचं ईस्टरही चंद्राचंच निघालं: २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार.

मावशीच्या रकान्याला मात्र फॉर्म्युला लागला, आणि तो तिने स्वतःच दिला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता भरती, दिवसाही आणि रात्रीही. वद्य पक्षातही तिथी पुन्हा एकपासूनच मोजायची. खाडीत आत थोडा उशीर धरायचा. हे गणित मुंबईच्या किनाऱ्यावर सगळ्या कोळ्यांना येतं. मी ते चौकटीत घातलं तेव्हा मावशी म्हणाली, "हे सांगायला मशीन कशाला लागतं रे बाबा?"

मग आला वाढदिवसांचा रकाना.

माझ्या दाखल्यावरची जन्मतारीख १ जून १९७१. माझ्या वर्गात १ जूनला जन्मलेली दहा-बारा मुलं तरी होती. त्या काळी आईबापांना तारीख सांगता आली नाही की गुरुजी शाळा सुरू होण्याच्या बेताने १ जून लिहून टाकत. घरी माझी तारीख निराळी होती. मामा सांगायचे, "हा जन्मला तेव्हा ब्लॅकआउट होता आणि त्याच दिवशी ढाक्याला शत्रूने शस्त्रं खाली ठेवली." म्हणजे १६ डिसेंबर १९७१. माणसाला असली तारीख मिळाली की तो ती सोडत नाही. मी तर तिच्यावर कविता केली. एका कविसंमेलनात सूत्रसंचालकाने 'विजयाच्या दिवशी जन्मलेले कवी' म्हणून माझी ओळख करून दिली आणि टाळ्या पडल्या. मी हरकत घेतली नाही.

मी त्या चौकटीत १६ डिसेंबर भरत होतो. अम्मा शेजारी बसली होती. म्हणाली, "तुझा मामा काय पण सांगतो. त्या रात्री चाँद होता."

मी थांबलो. एका दिवसाची तारीख नक्की कशी ठरवतात, हे मला माहीतच नव्हतं. म्हणून मी इतिहासकारांकडे वळलो, आणि सुरुवात गावापासून केली.

आमच्या तालुक्यातला सगळ्यांत प्रसिद्ध दिवस म्हणजे चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला घेतला तो. १७३९ चा मे महिना. पोर्तुगीज इथे १५३४ पासून होते, दोनशेच्या वर वर्षं. पण तारीख? काही पुस्तकांत तह ५ मे रोजी झाला आणि पोर्तुगीज १२ मे रोजी किल्ल्याबाहेर पडले. दुसऱ्या काही पुस्तकांत तह १६ मे आणि प्रस्थान २३ मे. शाळेत असताना मला वाटायचं, या विद्वानांची भांडणं असणार. मी १६/५/१७३९ एक्सेलमध्ये लिहून बघितलं. ते नुसते शब्द म्हणून डावीकडे चिकटून बसलं. १९०० च्या आधीचा दिवस त्या यंत्राला दिवसच वाटत नाही.

विद्वानांचं भांडण नव्हतंच. दोन्ही तारखा बरोबर आहेत. दोन्हींत नेमका अकरा दिवसांचा फरक आहे.

त्याचं कारण असं. युरोपातलं जुनं ज्युलियन कॅलेंडर सूर्याच्या मागे पडत चाललं होतं. पोप तेराव्या ग्रेगरींनी १५८२ मध्ये ते दुरुस्त केलं. गुरुवार ४ ऑक्टोबरनंतरचा दिवस शुक्रवार १५ ऑक्टोबर, असा हुकूम निघाला. कॅथलिक पोर्तुगालने तो लगेच मानला आणि जहाजांबरोबर ती नवी तारीख इकडे आली. इंग्लंड पडलं प्रॉटेस्टंट. पोपने सूर्याच्या बाजूने निकाल दिला म्हणून काय झालं, आपण नाही ऐकणार, असं म्हणत ते १७५२ पर्यंत जुन्याच तारखेवर राहिलं. म्हणजे वसईत जी तारीख सोळाव्या शतकात लागू झाली ती मुंबईत यायला आणखी पावणेदोनशे वर्षं लागली. आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. वांद्र्यापासून इकडे साष्टी आणि वसई पोर्तुगीजांची, माहीमची खाडी ओलांडली की पलीकडे इंग्रजांची मुंबई. वांद्र्याहून मचव्यात बसलेला माणूस माहीमला उतरेपर्यंत दहा दिवसांनी लहान व्हायचा, १७०० नंतर अकरा दिवसांनी. उसने पैसे घेणाऱ्यांनी या सोयीचा फायदा घेतला असेल का, असा विचार माझ्या मनात येऊन गेला.

मुंबई बेट हस्तांतरित झालं त्या दिवसाचंच बघा. पोर्तुगीज दस्तऐवजाप्रमाणे तो दिवस १८ फेब्रुवारी १६६५. इंग्रजी गणनेने तो ८ फेब्रुवारी. शिवाय इंग्रजांचं वर्ष तेव्हा २५ मार्चला बदलायचं, म्हणजे त्यांच्या लेखी अजून १६६४ च चालू होतं. देणारा एका वर्षात उभा, घेणारा दुसऱ्या वर्षात. दोघांचं एकमत फक्त वाराबद्दल. वार दोघांचाही बुधवार.

वाराची ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. १५८२ मध्ये दहा तारखा गाळल्या, १७५२ मध्ये इंग्रजांनी अकरा गाळल्या, २ सप्टेंबर बुधवारनंतर १४ सप्टेंबर गुरुवार आला, पण वारांची साखळी कुणीही तोडली नाही. शनिवार तो शनिवार, सोमवार तो सोमवार. म्हणून जुन्या पत्राचा काळ ठरवताना अभ्यासक आधी वार बघतात. वसईचा तह शनिवारी झाला. ५ मे म्हणा की १६ मे म्हणा, शनिवारच येतो. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीखही जुन्या गणनेची आहे. आजच्या गणनेने तो दिवस १६ जून. तिथी मात्र दोन्हीकडे तीच, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी.

मग मराठ्यांच्या बाजूने वसईच्या त्या शनिवारला काय म्हणत? शके १६६१, सिद्धार्थी संवत्सर, वैशाखाचा शुद्ध पक्ष. हिजरी ११५२ चा सफर महिना. आणि पेशव्यांच्या दफ्तरात तिसरा एक सन: तिसा सलासीन मया व अलफ.

श्रोतेहो, हे शब्द मी पहिल्यांदा मोडी कागदाच्या एका छापील प्रतीत वाचले तेव्हा मला लहानपणीचा मकतब आठवला. मौलवीसाहेब पाटीवर अरबी आकडे म्हणून घ्यायचे. सलासा, अर्बआ, खम्सा, सित्ता, सबआ. तेच आकडे इथे पुण्याच्या ब्राह्मण कारकुनाने बोरूने लिहिले होते. तिसा म्हणजे नऊ, सलासीन तीस, मया शंभर, अलफ हजार. अकराशे एकोणचाळीस. याला शुहूर सन म्हणतात, कुणी अरबी सन म्हणतात, आणि शेतकऱ्यांच्या तोंडी होतं मृगसाल. मुहम्मद तुघलकाच्या काळात, हिजरी ७४५ म्हणजे इसवी १३४४ च्या सुमारास, तो दख्खनमध्ये सुरू झाला असं मानतात. हिजरी वर्ष दर साली दहा-अकरा दिवस मागे सरकतं. सारा वसूल करणाऱ्याला ते परवडत नाही, कारण पीक चंद्रावर येत नाही, पावसावर येतं. म्हणून आकडा हिजरीचा घेतला आणि वर्ष मात्र सूर्य मृग नक्षत्रात गेला की सुरू करायचं ठरवलं. दोन्ही सन ७४५ ला बरोबर निघाले. वसईच्या तहाच्या वेळी हिजरी ११५२ वर होता आणि शुहूर ११३९ वर. चारशे वर्षांच्या वाटचालीत तेरा वर्षांचं अंतर पडलं होतं.

सुलतान गेले, आदिलशाही गेली, सन राहिला. मराठेशाहीतल्या सनदा आणि वतनपत्रं याच सनाने लिहिली गेली. पत्राच्या शेवटी 'छ' अक्षर काढून मुसलमानी महिन्याची तारीख घालायची रीत होती. छ म्हणजे चंद्र. एकाच कागदावर शक, शुहूर आणि सफर किंवा रबिलावल गुण्यागोविंदाने बसलेले आहेत. यात कुणी कुणावर उपकार केल्याचा सूर नाही. कारकुनाला कामाची सोय हवी होती. मुसलमान असून मराठीत कसे लिहिता, असं मला वर्षातून दोनदा तरी विचारलं जातं. त्यावर मी आता वाद घालत नाही. हा एक सन मोजून दाखवतो.

या सगळ्या सनांचा मेळ घालणारी कोष्टकं असतात, त्यांना जंत्री म्हणतात. इंग्रजी तारीख, शक, तिथी, शुहूर, हिजरी, फसली, वार असे रकाने आणि एकाखाली एक ओळी. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातल्या बाळाजी प्रभाकर मोडकांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशी जंत्री छापली. संगणक नव्हता, रकाने होते. सामान्य घरात मात्र जंत्री गेली नाही. तिथे गेलं पंचांग. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये पहिलं मराठी पंचांग शिळाछापावर काढलं. शाईत चरबी असते म्हणून लोक छापील पोथीला शिवत नसत, तेव्हा तुपाची शाई केली असं सांगतात. आणि १९७३ पासून जयंतराव साळगावकरांचं 'कालनिर्णय' भिंतीवर आलं, ज्यात एका महिन्याच्या पानावर सगळ्या धर्मांचे सण होते. आमच्या घरात त्याच्या चौकटींत अम्मा दुधाचे खाडे आणि वडील मिठाच्या गाड्या लिहायचे. त्याआधीची कॅलेंडरं वाण्याकडून फुकट यायची आणि वर्ष संपलं की वह्यांना कव्हर घालायला जायची. माझा जन्म अशाच एखाद्या कॅलेंडरावर वडिलांनी लिहिला असेल, तर तो माझ्याच कुठल्या वहीला गुंडाळून गेला.

आता मी माझी जंत्री केली. डावीकडे ३ ते १७ डिसेंबर १९७१, युद्धाचे दिवस. शेजारी वार. मग वाचनालयात शके १८९३ चं जुनं पंचांग मिळालं, त्यावरून तिथी. मग मावशीच्या फॉर्म्युल्याने भरती. उरलेले तीन रकाने तीन बायकांसाठी मोकळे ठेवले आणि एकेकीला वेगवेगळं विचारलं.

अम्मा म्हणाली, ईद होऊन वीसेक दिवस झाले होते. जुम्मेरात होती. काचांना काळे कागद लावले होते. कंदील फडक्यात गुंडाळून सुईण काम करत होती. तू रडलास, सुईणीने दार किलकिलं केलं, तेव्हा मिठागराच्या मागून अर्धा चाँद नुकता वर येत होता.

मावशी म्हणाली, "मार्गशीर्षातला गुरवार. माझा घट मांडलेला. तुझ्या मावश्याला डॉक्टर आणायला पाठवायचं म्हटलं, तर होडी चिखलात बसलेली. सुकी ओहोटी, मध्यान् रात्र."

नानीने बराच वेळ आठवलं. मग म्हणाली की गुरुवार नव्हे, शुक्रवार. बाळंतिणीसाठी तिने पहाटे कोंबडीचा रस्सा केला आणि शुक्रवार म्हणून स्वतः चाखला नाही, मीठ जास्त पडलं. मिठाचं अम्मालाही आठवत होतं. आणखी एक: सण होऊन गेला होता. ८ डिसेंबरचा मारियामाउलीचा सण. त्याची उरलेली मिठाई तिने सुईणीला बांधून दिली.

युद्धात गुरुवार दोनच आले, ९ आणि १६. मार्गशीर्ष दोन्ही दिवशी. घट दोन्ही दिवशी मांडलेला असणार. १६ ला वद्य चतुर्दशी. चतुर्दशीचा चंद्र मध्यरात्री उगवत नाही, पहाटे उगवतो, तोही दिसेल न दिसेल असा. चौदाची पाऊणपट साडेदहा, म्हणजे मध्यरात्री खाडी भरलेली असणार, होडी तरंगत असणार. ९ च्या रात्री वद्य अष्टमी. अष्टमीचा चंद्र अर्धा आणि मध्यरात्रीच्या सुमारास उगवणारा. आठाची पाऊणपट सहा, सहाला भरती तर बाराला ओहोटी. ईदपासून वीसेक दिवस. मिठाई एका दिवसाची शिळी.

मामांना मी हे सांगितलं नाही. ते थकले आहेत. कवितेचं काय करायचं ते ठरलेलं नाही. संग्रहात ती छापली गेली आहे.

पण एक चौकट अजून अडून होती. ९ की १०? चंद्र उगवताना मी रडलो म्हणजे घड्याळात बारा वाजून गेले होते. एक्सेलचा दिवस मध्यरात्री बदलतो, त्याच्या हिशेबाने २६२७७, शुक्रवार १० डिसेंबर. नानी बरोबर. पंचांगाचा दिवस सूर्योदयाला बदलतो, त्यामुळे मावशीचा गुरुवार आणि तिचा घट अजून चालूच होता. मावशी बरोबर. आणि आमच्यात दिवस मावळतीला बदलतो, म्हणजे ती रात्र जुम्म्याची. अम्मा तिला जुम्मेरात म्हणते, आणि त्या शब्दात गुरुवार आणि जुम्म्याची रात्र दोन्ही मावतात. मुलगी म्हणाली, एका चौकटीत एकच किंमत बसते अब्बा, कुठलीतरी एक ठेवा.

मी दोन चौकटी जोडून घेतल्या. एक्सेलमध्ये तशी सोय आहे. गुरुवार आणि शुक्रवार यांच्या मधली रेघ पुसली आणि त्यात माझं नाव टाकलं.

बारा पानं छापून तिन्ही घरी दिली. अम्माने आपलं डोक्याशी लावलं. नानीने आधी ईस्टर तपासलं, मग डिसेंबरचं पान काढून त्या जोडलेल्या चौकटीवरून बोट फिरवलं आणि विचारलं की छापताना इथे काही चुकलं का. मावशीने पानं डोळ्यांजवळ धरून पाहिली. म्हणाली, सगळं बरं आहे, पण पुढच्या साली भरतीचा आकडा अजून थोडा मोठा कर.